बाराव्या दिवशी

प्रिय डिक्शनऱ्या,

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं आणि लिहायला हात धजत नव्हता. मी बरा आहे, आईचे गुडघे तसेच आहेत.

धाकट्या भावाला मारलं. आण्णाच्या थोरल्यानं. हो, त्यानंच, ज्याच्या सायकलवर आपण तिघं ट्रिपलसीट जायचो. सप्टेंबरात मांजरा नदी फुगली तेव्हा दोन्ही वावरांमधला बांध वाहून गेला. दसरा होऊन चार दिवस झाले होते, नवा बांध कुठून घालायचा यावरून बोलाचाली झाली आणि त्यानं फावड्याचा दांडा घातला. पाठीत तीन, दंडावर एक. वळ कसे, तर मधे पांढरी पट्टी आणि दोन्ही कडांना जांभळं. दांड्याची जाडी मोजून घ्यावी इतकं नीट.

दवाखान्यातून कागद मिळाला. त्यावर ‘सिंपल इंजुरी’. आईनं विचारलं, “शिंपल म्हंजी काय रं?” वीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवतोय, म्हणालो, “साधी.” ती हळद लावत होती. हात थांबला. “साधी? रातभर इव्हळतंय की लेकरू.”

तेव्हा तुझी आठवण झाली. हॉस्टेलवरचं भांडण आठव. तू म्हणायचास, वस्तूचं डॅमेज होतं, माणसाला इंजुरी होते, हार्म कुणालाही होतो. मी म्हणायचो, आमच्याकडं सगळ्याला एकच, ‘लागलं’. त्या रात्रीच्या चहाचे पैसे तू अजून दिलेले नाहीस. आणि इंजुरी मुळात लॅटिन, ‘जे न्यायाचं नाही ते’, हे तूच मला शिकवलंस. मग त्या कागदावर काय लिहिलंय सांग. साधा अन्याय?

डॉक्टरची चूक नाही. त्यानं कायद्याचा शब्द लिहिला. कायद्यात नुसती दुखापत वेगळी, जबर दुखापत वेगळी. नुसती असेल तर अदखलपात्र, पोलिसांनी एनसी घेतली आणि मोकळे. जबर असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि जबर कशाला म्हणायचं त्याची आठ प्रकारांची यादीच आहे, डोळा, कान, हाड असं करत. त्यात दातही आहे! म्हणजे कबड्डीत तू माझा दात पाडलास ती जबर दुखापत होती बरं का, नुसतं ‘सॉरी बोळक्या’ म्हणून सुटलास. मनाला लागलेलं मात्र त्या ‘हर्ट’मध्ये बसत नाही, शरीराचंच धरतात. वर्गातली पोरं उठसूट ‘सर, मी हर्ट झालो’ म्हणतात, त्यांना सांगायला पाहिजे.

आता खरं सांगतो. यादीतला आठवा प्रकार असा, की माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा त्याला रोजची कामं करता येत नसतील, तर ती जबर दुखापत. आधी वीस दिवस होते, १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत पंधरा झाले. मी ते रात्री मोबाइलवर वाचलं आणि कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. धाकट्याला रोज विचारायचो, “दुखायलंय का?” तो “हाव” म्हणाला की बरं वाटायचं. बरं वाटायचं रे मला.

बाराव्या दिवशी, वसुबारसेला, तो पहाटे उठून पांभर काढायला लागला. हरभरा पेरायचा होता, ओल उडून चालली होती. मी आडवा गेलो. म्हणालो, अजून तीन दिवस पडून राहा. त्याला वाटलं काळजीनं म्हणतोय. मग मी कलम समजावून सांगितलं. माझ्याकडं नुसता बघत राहिला. म्हणाला, “हरभरा तुमच्या कलमासाठी थांबतो व्हय, दादा?” डाव्या हातानं चाडं धरून दुपारपर्यंत पेरलं त्यानं. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता.

आण्णाच्या घरच्यांनी त्याचा पेरतानाचा फोटो काढलाय म्हणे. काढू दे. आपल्याकडं जो पंधरा दिवस निजून राहू शकतो त्याला शेतच नसतं.

गंमत बघ, पुरानंतर त्याच वावराचा पंचनामा झाला तेव्हा पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का एवढंच बघायचं होतं. तलाठ्यानं विचारलं आणि मी छाती पुढं काढून “आहे की” म्हणालो. तिथं आकडा वाढवून सांगताना लाज वाटली नव्हती.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. पोरगी आता दहावीला ना? तिला म्हणावं, मला व्याकरण विचारू नकोस.

आण्णाच्या घरून फराळाचा डबा आला होता. आईनं घेतला, उतरंडीवर ठेवला, उघडला नाही. धाकट्यानं परवा त्यातल्या दोन करंज्या खाल्ल्या. मी अजून त्याच्याशी नीट बोललेलो नाही. हरभरा उगवलाय, डाव्या हातानं पेरलेल्या तासांत जरा पातळ.

तुझा,
बोळक्या