न पाहिलेल्या झडतीवर सही कशी करू?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या गल्लीत, समोरच्या घरी दोन पोलीस आले. एक वर्दीत, एक साध्या कपड्यांत. तिथल्या मुलाने कुणाकडून तरी जुना मोबाइल घेतला होता, तो चोरीचा असल्याची तक्रार होती. मुलगा रात्रपाळीला, वडील गावी. घरात आई आणि दहावीतली मुलगी. आई ‘काय पाहिजे’ विचारेपर्यंत दोघे आतल्या खोलीत पोचलेसुद्धा. ट्रंकेतल्या साड्या खाली आल्या, तूरडाळीच्या डब्यात ठेवलेले भिशीचे पैसे मोजून झाले. मुलीच्या दप्तरातली एक वही साध्या कपड्यांतल्या माणसाने उघडली आणि त्यातल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. ती वही अभ्यासाची नव्हती. मोबाइल मुलाबरोबर कामावर होता, तो कुठून सापडणार? जाताना त्यांनी आईचाच मोबाइल नेला. पावती दिली नाही.

समोर दिवे लागलेले मी खिडकीतून पाहिले होते. बाहेर आले नाही. ही माझी चूक आहे आणि ती मला अजून सलते.

सकाळी हवालदार माझ्या दारात. “काकू, पंच म्हणून एक सही द्या. तुम्ही शाळेतल्या बाई, तुमच्या सहीला वजन आहे.” कागद आधीच लिहून तयार होता. ‘आम्हां पंचांसमक्ष सदर घराची झडती घेतली’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘पंचनामा वाचून पाहिला, तो बरोबर आहे’. मी म्हटलं, अहो, मी तिथे नव्हते. ते म्हणाले, सगळे असंच देतात.

सगळे असंच देतात, हे खरं आहे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या यजमानांनीही दिली होती, अशाच एका शेजाऱ्याच्या घरच्या झडतीवर, चहा पिता पिता. पुढे साक्षीचं समन्स आलं. कोर्टात वकिलांनी विचारलं, कपाट लाकडी होतं की लोखंडी? यांना सांगता येईना. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. आज ते नाहीत, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून मी सही केली नाही.

नंतर तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठून सगळं समजून घेतलं. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलिसांनी तपास आणि झडती कशी करायची ते सांगणारा कायदा, लागू आहे. तिच्या कलम १०३प्रमाणे झडतीला त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, आणि तेही झडती सुरू होण्याआधी बोलावलेले. कुठली वस्तू कुठे सापडली याची यादी त्यांच्यासमोर करायची, त्यांच्या सह्या घ्यायच्या, आणि घरच्या माणसाला प्रत द्यायची. झडती चालू असताना घरच्या माणसाला तिथे थांबू द्यावंच लागतं. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कारण आणि हवी असलेली वस्तू आधी लिहून ठेवावी लागते. तपास अधिकारी स्वतः न येता हाताखालच्या माणसाला पाठवत असेल तर तसा लेखी आदेश लागतो. झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण आता कायद्यातच आहे. कारणाच्या आणि आदेशाच्या त्या लेखी नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी आणि घरमालकाला ती अर्ज केल्यावर फुकट मिळते. समोरच्या घरी यातलं काय झालं, ते वर लिहिलंच आहे.

कुणाचा गैरसमज नको. वॉरंट दाखवलं तर दार उघडायचं, आडवं यायचं नाही. पंच म्हणून लेखी बोलावलं तर सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. मला बोलवा, मी रात्री बारालाही येईन. माझा नकार न पाहता सही करायला आहे. बाहेरच्या दोन माणसांचे डोळे त्या घरात हवेत म्हणून तर कायद्याने पंच ठेवलाय. नुसतं नाव घालायचं तर तो कशाला?

सही नाही म्हटल्यावर ‘मग जबाबाला चौकीवर या’ असा निरोप आला. मी चौसष्ट वर्षांची. त्याच संहितेच्या कलम १७९प्रमाणे साक्षीदार बाईला किंवा साठीपुढच्या माणसाला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. मी तेवढंच चिठ्ठीवर लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी फौजदार स्वतः आले, नीट बोलले, जबाब घेऊन गेले. म्हणजे जमतं.

उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगची गोष्ट त्या विद्यार्थ्याने मला सांगितली. दरोड्याच्या गुन्ह्यातून पुराव्याअभावी सुटलेला माणूस. तरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावायचे, झोपेतून उठवायचे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे मात्र न्यायालयाने तेव्हा मानलं नाही. ते नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने म्हटलं २४ ऑगस्ट २०१७ रोजी. पोलिसांच्या दप्तरी ज्याचं नाव होतं त्याची झोप जर न्यायालयाला मोलाची वाटली, तर दहावीतल्या पोरीची वही कुणीही उघडून वाचावी का?

गल्लीतल्या बायकांचं आता ठरलंय. कुणाच्याही दारात रात्री पोलीस दिसले की दोघीतिघींनी जाऊन उभं राहायचं. हुज्जत घालायची नाही. नाव-हुद्दा विचारायचा, कागद मागायचा आणि काय काय उघडलं ते पाहायचं.

समोरच्या बाईंचा मोबाइल अजून मिळालेला नाही. झडतीच्या नोंदीची प्रत मागणारा त्यांचा अर्ज मी माझ्या हाताने लिहून दिला. सोमवारी तो कोर्टात दिला, पोच घेतली आहे. काय उत्तर येतं ते आपल्याला कळवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)