केबल आली, नेट कधी येणार?

संपादक साहेब, नमस्कार. मी कोथरूडला राहते, आईवडील वेल्ह्याकडच्या गावात. तिथं ग्रामपंचायतीत भिंतीवर भारतनेटची (गावोगावी इंटरनेट पोचवायची सरकारी योजना) पेटी आहे, लाल दिवा लागलेला आणि खाली केबलचं वेटोळं धूळ खात पडलंय. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर झाली (तेव्हा नाव वेगळं होतं), पैसा मोबाईल कंपन्यांच्या उत्पन्नातून कापलेला, म्हणजे शेवटी आपल्याच बिलातला. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली की महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही, आणि गावं एकाच सरळ लाईनवर असली की एक तुटली की पुढची सगळी बंद. २०२३ मध्ये सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर झालेत, आता रिंग करणार म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसरीकडून चालेल, हे खरंच चांगलंय. पण दुरुस्ती किती तासांत होणार आणि फोन कोणाला करायचा हे ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहा ना! परवा सातबाऱ्यासाठी वडील सकाळी अकरापासून तिथं बसले आणि तीनला हात हलवत घरी आले. ७२ वर्षांचे आहेत ते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे