लिडस्ट्रॉम दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

तुमचे आभार समोरासमोर मानायची सोयच नाही. मी सुरुवात केली की तुम्ही लगेच उद्या बर्फ किती पडणार याचा विषय काढता. म्हणून हे जाहीर पत्र, चार लोकांसमोर. आता मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला.

आम्ही नाशिकहून डेट्रॉईटजवळ राहायला आलो तेव्हा आमचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. त्यात लेकीनं शाळेतल्या मैत्रिणींचं बघून आइस हॉकीचा हट्ट धरला. तुम्ही गाड्यांच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले, आणि रेड विंग्ज या डेट्रॉईटच्या आइस हॉकी संघाचं वेड इतकं की मंडळाच्या गणपतीतही खिशात रेडिओ. तुम्हीच आम्हाला जुन्या सामानाच्या दुकानात नेलंत. "नवे स्केट घेऊ नकोस, पोरीचे पाय वर्षभरात वाढतात." रिंकवरच्या त्या काळ्या रबरी जमिनीवर गुडघा टेकून तुम्ही तिच्या नाड्या बांधायला शिकवलंत मला. आधी टाच मागे ठोकायची, बोटांपाशी सैल, घोट्यापाशी गच्च. माझी बोटं सोलवटली, तरी तुमचं "अजून ओढ" चालूच.

मग प्रशिक्षकांनी तिला बचावात टाकलं आणि घरात तीन दिवस अबोला. गोल करायला मिळणार नाही म्हणून. तुम्ही समजूत काढायच्या भानगडीत पडला नाहीत. जुने सामने लावलेत आणि म्हणालात, "पक बघू नका. पाच नंबर बघा."

पक म्हणजे या खेळातली रबरी चकती, आणि पाच नंबर म्हणजे रेड विंग्जचा बचावपटू निकलास लिडस्ट्रॉम. पहिल्यांदा बघितलं तेव्हा, खरं सांगते, मला काही दिसलंच नाही. हा माणूस धडकत नाही, भांडत नाही, धावपळही करत नाही. समोरचा वेगानं अंगावर येतोय आणि हा उलटा मागे सरकतोय, मध्ये काठीभर अंतर ठेवून. तुम्ही चित्र थांबवून दाखवलंत की त्याची नजर पकवर नाही, समोरच्याच्या छातीवर आहे. हात फसवतात, छातीनं फसवता येत नाही. मग काठीचं टोक हळूच पुढे, आणि पक याच्याकडे. माझ्या डोक्यात शिरावं म्हणून तुम्ही गावसकर काढलात. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडून देणं हीसुद्धा फलंदाजीच, फक्त धावफलकावर दिसत नाही. तेव्हा कुठे मला खेळ दिसायला लागला.

20 हंगाम, सगळे डेट्रॉईटकडून. 1564 सामने, आणि शिक्षा म्हणून बाहेर बसला ती मिनिटं एकूण 514. तुम्ही कागदावर भागाकार करून दाखवला होतात: सामन्यामागे वीस सेकंदसुद्धा नाहीत. ज्या खेळात दात पडणं म्हणजे रोजचंच, तिथे! सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी सात वेळा मिळाली, पण पहिली मिळाली ती 2001 मध्ये, एकतिशीत. त्याआधी 1998, 1999, 2000 अशी सलग तीन वर्षं दुसरा नंबर. ही तीन वर्षं तुम्ही लेकीला मुद्दाम सांगितलीत, सात ट्रॉफ्या नंतर.

1997 ची अंतिम फेरी तर तुम्ही इतक्या वेळा ऐकवली आहे की मला तोंडपाठ आहे. डेट्रॉईटला 1955 नंतर स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळालं नव्हतं. समोर फिलाडेल्फिया, त्यांचा एरिक लिंड्रोस सहा फूट चार इंचांचा, अंगानं आडदांड. सगळ्यांना वाटत होतं की डेट्रॉईटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्याच्या अंगावर आपल्या व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हला सोडणार, कारण धडका मारण्यात तो उस्ताद. बोमननं पाठवली लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही जोडी. दोघांनी अंगाला अंग न लावता पक काढून घेतला, पुनःपुन्हा. मालिका डेट्रॉईटनं 4-0 घेतली. लिंड्रोसला एकच गोल, तोही चौथ्या सामन्यात सगळं संपत आल्यावर. (त्यानंतर आठवड्याच्या आत मोटार अपघातात कॉन्स्टँटिनोव्हची कारकीर्द संपली. हे सांगताना तुम्ही चष्मा पुसायला घेता, आणि आम्ही दुसरीकडे बघतो.)

लेकीला मात्र 2002 आवडतं. व्हँकुव्हरविरुद्ध पहिल्या फेरीत 0-2 मागे, तिसऱ्या सामन्यात 1-1, दुसरा भाग संपत आलेला, आणि लिडस्ट्रॉमनं मैदानाच्या मध्यावरून मारलेला पक थेट गोलात. तिथून संघ फिरला आणि कप घेऊनच थांबला. त्या वर्षी प्लेऑफमधल्या (कपसाठीच्या बाद फेऱ्या) सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ पुरस्कारही त्यालाच, युरोपात जन्मलेल्या खेळाडूला पहिल्यांदाच. बचावात राहूनही गोल होतो हे तिला कळलं आणि अबोला संपला. मग ती ब्लू लाइनवरून (बर्फावरची निळी रेघ) जाणूनबुजून गोल चुकवून शेजारच्या फळ्यांवर पक मारायला लागली. डेट्रॉईटच्या तेव्हाच्या जो लुईस अरेनामधल्या, रिंकभोवतीच्या फळ्यांवरून पक जोरात उसळून परत यायचा आणि लिडस्ट्रॉम त्याचा फायदा घ्यायचा, हे तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलेलं. आमच्या गावच्या रिंकच्या फळ्या मऊ. पक तिथेच पडून राहतो. पण ऐकेल कोण?

मला मात्र यातलं काही सांगायचं नाहीये. मला सांगायचंय ब्रॅड मॅक्रिमनबद्दल.

1991 मध्ये लिडस्ट्रॉम स्वीडनच्या व्हेस्टरोसहून आला तेव्हा एकवीस वर्षांचा, सडपातळ. दोन वर्षांपूर्वी लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याची निवड झाली होती तीही 53 व्या क्रमांकावर. जोडीला दिला मॅक्रिमन, बत्तिशीतला, मागची बाजू सांभाळणारा जुना गडी. तो मागे थांबला म्हणून हा पुढे जाऊ शकला, आणि पहिल्याच हंगामात 60 गुण (गोल आणि गोलाला दिलेली साथ मिळून). पुढे हार्टफर्डच्या संघात मॅक्रिमननं हेच ख्रिस प्राँगरसाठी केलं, ज्यानं नंतर 2000 ची नॉरिस लिडस्ट्रॉमच्या हातून नेली. म्हणजे एकाच माणसाची दोन पोरं! 2008 ते 2011 मॅक्रिमन सहायक प्रशिक्षक म्हणून डेट्रॉईटला परत आला, लिडस्ट्रॉम तेव्हा कप्तान. मग मुख्य प्रशिक्षक व्हायला रशियात यारोस्लावलला गेला, आणि 7 सप्टेंबर 2011 ला हंगामाच्या पहिल्याच सामन्याला निघालेलं संघाचं विमान पडलं. लिडस्ट्रॉम पुढच्या वर्षी निवृत्त झाला. त्याची पाच नंबरची जर्सी छताला टांगली आहे. मॅक्रिमनची तिथे नाही, आणि तुम्हाला त्याचा राग आहे.

काका, हे रामायण इतकं लांबवलं कारण आमच्या घरासाठी मागे थांबणारे तुम्ही होता. नवरा महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, माझी रात्रपाळी. पहाटे सहाच्या सरावाला उणे पंधरात तिला कोणी नेलं? मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला गाडी मुद्दाम घसरवायला लावून, "ब्रेक सोड, ब्रेक सोड!" असं ओरडत कोण बसलं होतं? पहिल्या हिवाळ्यात मी परत जायची भाषा करत होते, तेव्हा काकूंनी भाजणी आणि तुम्ही बर्फ काढायचं फावडं आणून दिलंत, उपदेश एकही नाही. घर मार्गी लागलं आमचं. मी नोकरीत पुढे गेले, लेक शाळेच्या संघात गेली. त्यात तुमचं नाव कुठल्याच कागदावर नाही, म्हणून या कागदावर लिहिते आहे.

एक तक्रारही आहे. परवाच्या सामन्यात ब्लू लाइनवर खांद्याइतक्या उंचीवरून जाणारा पक तिनं काठीनं हवेतच खाली पाडला, अगदी तुमच्या पाच नंबरसारखा. आणि लगेच वळून गर्दीत तुम्हाला शोधलं. तुम्ही कॉफीच्या रांगेत! शनिवारी सकाळी पुन्हा सामना आहे. थर्मास मी भरून आणते, तुम्ही जागेवरून उठायचं नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शेजारीण