बोस्फरसवरून आई-बाबांना

इस्तंबूल,
एप्रिलअखेर

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

गेल्या फोनवर बाबा म्हणाले होते, फोटो येतात पण त्यातून काही कळत नाही, एकदा सविस्तर लिही. तेच आज करते आहे. मी राहते त्या आशियाकडच्या काडिकोयहून ऑफिसला जायला मी रोजच बोटीने जाते, पण तो वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. परवा सुट्टी होती आणि ऊनही छान पडलं होतं, म्हणून बोस्फरसची सामुद्रधुनी पार काळ्या समुद्राच्या तोंडापर्यंत पाहून आले. उरलेला दिवस पायी हिंडले.

एमिनोनूच्या धक्क्यावरून शहराच्या बोटसेवेची बोट सकाळी निघते. मी वरच्या डेकवर डावीकडच्या कठड्याजवळ जागा धरली. बोट उत्तरेकडे निघाली की डावा किनारा युरोप आणि उजवा आशिया. बोटीवर चहावाला फिरत असतो. इथला चहा कोरा, कमरेत बारीक अशा छोट्या काचेच्या पेल्यात देतात, बशीत साखरेचे दोन खडे. सोबत तीळ लावलेलं सिमित नावाचं पावाचं कडं घेतलं. लोक त्याचे तुकडे हवेत उडवतात आणि समुद्रपक्षी ते वरच्या वर पकडतात. शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या सिमितातला अर्धा तुकडा काढून दिला आणि कसा फेकायचा ते हाताने दाखवलं.

बाबा, आता पाण्याबद्दल. तुम्ही सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली, तेव्हा हे तुम्हाला वाचायला आवडेल. बोस्फरसची लांबी साधारण ३० किलोमीटर, आणि यात एकाच वेळी दोन प्रवाह वाहतात, एकावर एक, उलट दिशांना. काळ्या समुद्रात डॅन्यूब, नीपर अशा मोठ्या नद्यांचं गोडं पाणी येतं, त्यामुळे त्याची पातळी थोडी उंच राहते आणि वरचं पाणी दक्षिणेला मार्मारा समुद्राकडे धावतं. भूमध्य समुद्राकडून येणारं पाणी जास्त खारं, म्हणून जड. ते तळाशी बसतं आणि खालून उत्तरेकडे जातं. १६८० च्या सुमारास लुइजी मार्सिली नावाच्या इटालियन तरुणाने हे मोजून दाखवलं. त्याने दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधले आणि वजन लावून ती पाण्यात सोडली. वरचे तुकडे एका दिशेला ओढले गेले आणि खोल गेलेले उलट दिशेला. नंतर त्याने एका टाकीत मधे पडदा घातला, एका बाजूला जास्त खारं पाणी भरलं, दुसरीकडे कमी खारं, पडद्याला वर-खाली भोकं ठेवली आणि तसेच दोन प्रवाह घरात करून दाखवले. कठड्यावरून वाकून पाहिलं तर वरचा प्रवाह नीट कळतो, वळणावर पाणी भोवरे घेत पळतं. त्याच पाण्याखालून, सुमारे ६० मीटर खोलीवर, २०१३ पासून मार्माराय नावाची रेल्वे बोगद्यातून धावते. बोगद्याचे भाग तयार करून, तरंगत आणून तळावर बसवलेले आहेत. तुम्ही असता तर चहावाल्यालाही प्रश्न विचारले असते!

डावीकडे दोल्माबाहचे राजवाडा लागतो, पाण्याच्या काठाला लागून पांढराशुभ्र. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ रोजी तिथेच वारले. मग ओर्ताकोयची नाजूक मशीद, आणि तिच्या मागून डोक्यावरून जाणारा पहिला पूल. १९७३ चा झुलता पूल, मधला गाळा १०७४ मीटर. बोट त्याखालून जाताना सगळ्यांच्या माना वर जातात, माझीही गेली. पुढे काठाने जुने लाकडी वाडे, काही थेट पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे. सध्या टेकड्यांवर एर्गुवान फुललंय. पानं यायच्या आधीच सबंध झाड गुलाबी-जांभळं होतं. आई, हे आपल्या कांचनाच्या नात्यातलं झाड आहे. वर्षातले हे थोडेच दिवस दोन्ही किनारे असे दिसतात.

सगळ्यात अरुंद जागा सुमारे ७०० मीटरची. तिथे दोन्ही काठांवर समोरासमोर किल्ले आहेत. आशियाकडचा आधीचा, चौदाव्या शतकाच्या अखेरचा. युरोपकडचा रुमेली हिसारी ऑटोमन तुर्कांच्या सुलतान दुसऱ्या मेहमदने १४५२ मध्ये साडेचार महिन्यांच्या आत उभा केला. तीन मोठे बुरूज तीन वजिरांना वाटून दिले होते. बोटीतून पाहताना किल्ल्याचा हेतू लगेच लक्षात येतो: काळ्या समुद्राकडून धान्य घेऊन येणारं गलबत तोफेच्या टप्प्यातून गेल्याशिवाय कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे तेव्हाच्या इस्तंबूलला, पोचूच शकत नव्हतं. त्याच वर्षी न थांबणारं एक व्हेनिसचं गलबत इथल्या तोफांनी बुडवलं. २९ मे १४५३ ला शहर पडलं. त्या आधी सुवर्णशृंग खाडीच्या तोंडाशी लोखंडी साखळी लावलेली होती, म्हणून मेहमदने आपली गलबतं गलाताच्या मागच्या टेकडीवरून ओंडक्यांवर ओढत पलीकडे उतरवली. शाळेत हे दोन ओळींत संपलं होतं. ती टेकडी डोळ्यांनी पाहिली तेव्हा कुठे त्या चढावर गलबतं ओढणं म्हणजे काय, याचा अंदाज आला.

किल्ल्यासमोरून जाताना मला सारखं आपलं नगर आठवत होतं. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली, आणि ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे याच तुर्की साम्राज्याकडून निजामशाहीत आलेला. इथे शिकलेला हात आपल्या गावात काम करून गेला. ती तोफ आता विजापुरात आहे. पुढच्या खेपेला आल्यावर आपण मिळून बघायला जाऊ, बाबा. नगरमध्ये इतकी वर्षं राहून आपण ती पाहिली नाही, याचं मला वाईट वाटतं.

कान्लिजाच्या धक्क्यापाशी दही मिळतं, घट्ट, वर भरपूर पिठीसाखर. ते खाताना आजीची आठवण आली. शेवटचं गाव अनादोलू कावाई. तिथे बोट बराच वेळ थांबते. बाकीचे मासे खायला बसले, मी योरोस किल्ल्याची चढण धरली. अर्ध्या तासात वर पोचले. किल्ला पडका आहे, पण वरून सामुद्रधुनीचं तोंड, पलीकडे काळा समुद्र आणि २०१६ चा तिसरा पूल एका नजरेत दिसतात. मालवाहू जहाजं एकामागोमाग एक आत येत होती. १९३६ च्या माँत्रोच्या करारानुसार व्यापारी जहाजांना ही वाट मोकळी आहे, युद्धनौकांवर मात्र तुर्कस्तानचे निर्बंध चालतात. वर वारा इतका की ओढणी हातात धरून बसले होते.

परतल्यावर एमिनोनूहून पायी. मसाल्यांच्या बाजारात गर्दी फार, तिथे रेंगाळले नाही. जवळच रुस्तेम पाशा मशीद आहे, दुकानांच्या वर बांधलेली, अरुंद जिन्याने चढून जायचं. खालच्या दुकानांच्या भाड्यावर मशिदीचा खर्च चालावा अशी सोय. आत भिंतभर इझनिकच्या फरशा, निळ्या, आणि त्यात टोमॅटोसारखा उठून येणारा लाल. मी डोकं झाकून कोपऱ्यात बसून राहिले.

तिथून चढ चढून सुलेमानिये मशीद. मिमार (म्हणजे वास्तुकार) सिनानने ती १५५७ मध्ये पुरी केली. प्रसिद्ध आयासोफिया मशिदीची रांग सोडून मी इकडे आले आणि तसंच करायला मी कुणालाही सांगेन. घुमट ५३ मीटर उंच, तरी आत शिरल्यावर दडपण येत नाही, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. तेलाच्या दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत जमावी अशी योजना केली होती आणि त्या काजळीची शाई करत, असं सांगतात. तीन सुलतानांच्या हाताखाली काम केलेल्या या माणसाची स्वतःची कबर आवाराबाहेरच्या एका कोपऱ्यावर आहे, छोटीशी. मागच्या गच्चीवरून खाडी, गलाताचा बुरूज आणि सकाळी ज्या पाण्यातून गेले ते सगळं दिसतं.

संध्याकाळी काडिकोयची बोट. आई, हे तुझ्यासाठी राखून ठेवलंय. आशियाच्या किनाऱ्यावर चार कोपऱ्यांना चार मनोरे असलेली एक प्रचंड लांबलचक इमारत आहे, सेलिमिये बराकी. क्रिमियन युद्धात ब्रिटिशांचं लष्करी इस्पितळ इथेच होतं, आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन इथेच आली. सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि टायफसनेच जास्त मरत होते. १८५५ च्या वसंतात गटारं साफ झाली, तेव्हा मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे तिने मृत्यूंच्या कारणांचे तक्ते काढून सरकारला पटवलं. सिव्हिलमध्ये रात्रपाळी करून सकाळी आधी हात धुऊन मग मला जवळ घेणारी तू मला बोटीवर आठवलीस. आत अजून लष्कर आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही. मी चौकशी सुरू केली आहे, तू येशील तेव्हा दोघी मिळून जाऊ.

त्यासाठी पासपोर्टचं नूतनीकरण मे महिन्यातच करून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरला या, तेव्हा हवा चांगली असते. बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. बोटीला पायऱ्या कमी असतात, सुलेमानियेला टॅक्सीने जाऊ, योरोस मी एकटीच पुन्हा चढेन आणि तुम्ही खाली धक्क्यावर चहा घेत बसा.

१२ मे हा नाइटिंगेलचा जन्मदिवस, तुमचा परिचारिका दिन. आई, तुझ्या निवृत्त मैत्रिणी जमतील तेव्हा सेलिमियेचा फोटो त्यांना दाखव. आजीला नमस्कार. तिचे डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, आठवणीने आणा.

तुमची,
ताई