माऊस आणि कंट्रोलर एकाच गटात नकोत

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात संगणकावरच्या फर्स्ट पर्सन शूटर खेळाची, म्हणजे खेळणाऱ्याने पात्राच्याच डोळ्यांनी पाहत नेम धरायच्या खेळाची, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली. माझी मुलगी तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्यासह चौघींचा संघ त्या स्पर्धेत उतरला होता. सूचनापत्रकात ‘खेळाडूंनी आपापली साधने आणावीत’ एवढे एकच वाक्य होते. त्यामुळे कोणी माऊस आणि कीबोर्ड आणले, कोणी घरच्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राचा, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर आणला आणि सगळ्यांना एकाच गटात घालण्यात आले. पहिल्या फेऱ्यांत कंट्रोलरवाल्या दोन संघांनी जवळच्या चकमकी भराभर जिंकल्या, तेव्हा ‘त्यांचा नेम गेमच धरून देतो’ अशी तक्रार माऊसवाल्यांनी केली. संयोजकांनी आपसात थोडी चर्चा केली आणि उपांत्य फेरी सुरू होण्याच्या तोंडावर निर्णय दिला, की कंट्रोलरवाल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन एम असिस्ट, म्हणजे नेम धरायला खेळाकडून मिळणारी मदत, बंद करावे. मुलीचा संघ कंट्रोलरवाल्यांपैकीच, तो त्याच सामन्यात हरला.

हार-जीत होतच असते, त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तक्रार करणारी मुले खोटे बोलत नव्हती आणि कंट्रोलर धरणारी मुले फसवणूक करत नव्हती, तरीही दोन्हीकडची मुले एकमेकांना फसवे ठरवून घरी गेली, याचे मला वाईट वाटते. दोन साधनांतला फरक संयोजकांना माहीत असता, तर हा प्रसंगच आला नसता. तो फरक माझ्या रोजच्या कामातला असल्यामुळे मला तो समजावून सांगता येईल असे वाटते.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षे सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम करतो. टूल, म्हणजे कापायचे हत्यार, जॉबजवळ, म्हणजे घडवायच्या तुकड्याजवळ, आणताना आमच्या हाताशी दोन मार्ग असतात. जॉगचे बटण दाबून धरले की अक्ष ठरावीक वेगाने सरकू लागतो आणि बोट उचलेपर्यंत सरकतच राहतो. इथे हात यंत्राला फक्त वेग सांगतो. अंतर किती झाले ते डोळ्यांनी पाहायचे आणि नेमक्या क्षणी थांबायचे, ही जबाबदारी ऑपरेटरची. हँडव्हीलचे, म्हणजे हाताने फिरवायच्या चाकाचे, तसे नाही. एका घराला दहा मायक्रॉन लावले असतील, तर तीन घरे फिरवल्यावर तीसच मायक्रॉन सरकणार, मग चाक घाईने फिरवा की सावकाश. इथे हात थेट अंतर सांगतो. टूल जॉबला टेकवायच्या शेवटच्या केसभर अंतरासाठी आमच्याकडचा नवशिका मुलगासुद्धा जॉगचे बटण सोडून हँडव्हील हातात घेतो.

माऊस हे हँडव्हील आहे आणि कंट्रोलरची उजवी स्टिक, म्हणजे अंगठ्याने ढकलायची दांडी, ही जॉगच्या बटणाच्या जातीची आहे. माऊस मॅटवर जितका सरकवावा, तितक्याच अंशात खेळातली नजर वळते. संवेदनशीलता एकदा ठरवली, की मागे वळायला हात किती न्यायचा हे मनगटाला आणि कोपराला पाठ होऊन जाते. स्टिक मात्र वळण्याचा वेग सांगते. थोडी ढकलली तर नजर सावकाश वळते, पूर्ण ढकलली तर वेगाने वळते, आणि लक्ष्य मध्यभागी आले की अंगठा अचूक क्षणी मागे घ्यावा लागतो. पूर्ण ढकलल्यावरही त्या वेगाला कमाल मर्यादा असते, त्यामुळे पाठीमागून गोळी आली तर माऊसवाला एका झटक्यात वळतो आणि स्टिकवाल्याला नजर फिरून पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. शिवाय माऊसला टेबलावर वीत-दोन वीत जागा मिळते, तर अंगठ्याखालची सगळी हालचाल जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची असते. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडलेला नियम असा, की लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका हाताला तिथे पोहोचायला वेळ अधिक लागतो. दूरच्या खिडकीत दिसणारे डोके हे असेच अरुंद लक्ष्य असते आणि तिथे चांगल्या माऊसपुढे नुसत्या स्टिकचा निभाव लागत नाही.

म्हणूनच कन्सोलवरचे खेळ बनवणाऱ्यांनी एम असिस्ट आणले. क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण, लक्ष्यावरून जाऊ लागला, की खेळ वळण्याचा वेग आपोआप कमी करतो, जणू तिथे पडद्यावर थोडा चिकटपणा असावा. काही खेळांत खेळाडू स्वतः चालत असताना किंवा समोरचा पळत असताना नजर किंचित त्याच्यामागे ओढलीही जाते. फिट्सच्या भाषेत सांगायचे तर अरुंद लक्ष्य स्टिकसाठी थोडे रुंद करून दिले जाते. ही मदत जवळच्या अंतरावर फार परिणामकारक ठरते, कारण तिथे समोरचा माणूस पडद्यावर झपाट्याने डावीकडे-उजवीकडे होतो. माऊसवाल्याला तो दिसल्यानंतर हात हलवावा लागतो, तर एम असिस्ट त्याच क्षणी काम सुरू करते. उलट लांबच्या माऱ्यात माऊसच सरस ठरतो. तेव्हा त्या दिवशी तक्रार करणाऱ्या मुलांना जे दिसले ते खरेच होते, पण ते चित्राचा अर्धाच भाग होते.

एम असिस्ट ही नंतर लावलेली कुबडी आहे, हा समजही काढून टाकायला हवा. 1997 साली निन्टेंडो 64 वर गाजलेल्या गोल्डनआय 007 मध्ये एकाच स्टिकवर सगळी भिस्त होती. डाव्या स्टिकने चालायचे आणि उजव्या स्टिकने पाहायचे ही आजची मांडणी 2000 साली प्लेस्टेशनवरच्या एलियन रिझरेक्शन या खेळात आली, तेव्हा तिच्यावर टीका झाली होती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2001 मध्ये, एक्सबॉक्सबरोबर हेलो आला. मांडणी तीच होती, पण या खेळाने स्टिकला नेम धरायला बेमालूम साथ दिली आणि लोकांनी ती मांडणी उचलून धरली. माझ्या मते दोन स्टिक आणि नेमाची साथ मिळून कन्सोलची एक नियंत्रणपद्धत तयार झालेली आहे. तिच्यातून साथ काढून घेणे म्हणजे हँडव्हील काढून घेऊन ऑपरेटरला जॉगच्या बटणावर मायक्रॉन गाठायला सांगणे आहे, आणि तेही स्पर्धेच्या मध्यावर.

संगणकाकडचा प्रवासही एका दिवसात झालेला नाही. 1993 च्या डूममध्ये वर-खाली नेम धरावाच लागत नसे, म्हणून नुसत्या कीबोर्डवर भागत होते. 1996 च्या क्वेकमध्ये जग खरोखर तीन मितींचे झाले आणि माऊसने पाहणे अपरिहार्य झाले. 1997 साली डेनिस फाँग, म्हणजे खेळाडूंमध्ये थ्रेश म्हणून ओळखला जाणारा तरुण, क्वेकची स्पर्धा जिंकून खेळाचा कर्ता जॉन कारमॅक याची फेरारी घेऊन गेला. उजवा हात माऊसवर आणि डावा डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर, ही त्याची पद्धत पाहून अनेकांनी उचलली आणि 1998 च्या हाफ-लाइफमध्ये ती मुळातच बसवून आली.

या चार कळांबद्दल माऊसवाल्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांच्यावर चालायच्या दिशा आठच मिळतात आणि कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. डाव्या स्टिकवर मात्र हव्या त्या कोनात, हव्या त्या चालीने, भिंतीच्या कडेकडेने दबकत जाता येते. याची दुसरी बाजूही आहे. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात धावता धावता गोळी झाडली तर नेम विस्कटतो. तिथे उलट दिशेची कळ टिचकीसरशी दाबून जागच्या जागी थांबता येते, तर स्टिकवरच्या अंगठ्याला मध्य ओलांडून पलीकडे जावे लागते. उडी मारण्याचे आणि बंदूक भरण्याचे बटणही उजव्या अंगठ्याच्याच वाट्याला येत असल्याने, तेवढा वेळ स्टिकवरचा नेम सुटतो. ज्यांना हे टाळायचे असते ते तर्जनी वाकवून वरच्या बटणांवर आणतात किंवा मागे कळा असलेला कंट्रोलर घेतात.

आमच्या घरातल्या कंट्रोलरबद्दल थोडे लिहितो, कारण तपासणीत ही बाब कोणीच लक्षात घेत नाही. मुलीचा कंट्रोलर मी जुन्या बाजारातून घेतलेला आहे. मध्यंतरी स्टिकला हात न लावताही पडद्यावरची नजर हळूहळू डावीकडे सरकू लागली. मी तो उघडला तेव्हा आत लहानसा पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती कलली ते विजेच्या रोधावरून सांगणारा भाग, निघाला. त्याच्या काळ्या पट्टीवर धातूची जीभ सतत घासून मध्यभागी चकाकता ओरखडा पडला होता. अशा वेळी खेळात डेडझोन वाढवावा लागतो, म्हणजे मध्याजवळची इतकी इतकी हालचाल मोजू नये असे सांगावे लागते. नजर स्थिर होते, पण बारीक नेमासाठी लागणारी नाजूक हालचालच त्यात गिळली जाते. चुंबकाच्या साहाय्याने चालणाऱ्या, न घासणाऱ्या स्टिक आता मिळतात आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात, पण प्रत्येक मुलाच्या हातात त्या नसतात.

गट वेगळे करा, या माझ्या मागणीत नवे काही नाही. नाशिकमधील अनेक मुले हे खेळ मोबाइलवर शिकली आणि पबजी मोबाइलने संगणकावर एम्युलेटर, म्हणजे मोबाइलचा खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम, लावून, माऊस धरून खेळणाऱ्यांना मोबाइलवाल्यांपासून वेगळे काढून आपसात खेळवले होते, हे त्यांना चांगले आठवत असेल. 2019 च्या कॉल ऑफ ड्यूटीत यंत्रापेक्षा हातातल्या साधनावर जोड्या लावण्याची सोय होती. 2023 साली रेनबो सिक्स सीज या खेळाने, कन्सोलवर माऊस लावून तो कंट्रोलर असल्याचे भासवणारे अ‍ॅडाप्टर ओळखण्याची व्यवस्था आणली, कारण त्या डब्या वापरणाऱ्याला माऊसचा हात आणि एम असिस्टची साथ असे दोन्ही मिळते. फसवणूक म्हणायची तर ती हीच, आणि अशा डब्यांना आपल्या स्पर्धांत सरसकट बंदी हवी. या बंदीत अपंग खेळाडूंची साधने चुकूनही येऊ नयेत. 2018 पासून एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे; त्याला पायाने किंवा कोपराने दाबायची मोठी बटणे जोडता येतात. असे साधन घेऊन कोणी आले, तर संयोजकांनी त्याला खुर्ची पुढे करावी.

आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग वेगळे लढवले जातात आणि दोन्हींचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. मातीवरचा पैलवान श्रेष्ठ की गादीवरचा, यावर कोणी कोणाला फसवा म्हणत नाही. तसेच इथे करावे: माऊसचा गट वेगळा, कंट्रोलरचा गट वेगळा, आणि हौस असेल तर दोन्ही विजेत्यांचा एक प्रदर्शनीय सामना. कंट्रोलरच्या गटात एम असिस्ट सुरू राहील की नाही, राहिल्यास किती, हे नावनोंदणीच्या पत्रकातच छापलेले असावे आणि पहिली फेरी सुरू झाल्यावर त्यात काडीचाही बदल होऊ नये. केंद्राच्या 2025 च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला पैसे लावून खेळायच्या खेळांपासून वेगळे काढून मान्यता दिली आहे. मान्यता मिळालेल्या खेळाला पत्रकावरचे एक वाक्य पुरणार नाही.

आणखी एक विनंती आहे, ती लहान वाटेल, पण खेळाडूंच्या दृष्टीने मोठी आहे. परक्या संगणकावर बसल्यावर संवेदनशीलता, डेडझोन आणि कळांची मांडणी आपल्या हाताप्रमाणे लावून घ्यायला प्रत्येकाला सामन्यापूर्वी निदान दहा मिनिटे मिळाली पाहिजेत. त्या दिवशी मुलीला दोन मिनिटेही मिळाली नव्हती. स्नेहसंमेलने ऐन थंडीत असतात आणि नाशिकच्या थंडीत सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेच्या फरशीवरून गारवा वर येत असतो, मुलांची बोटे आखडलेली असतात, आणि आखडलेल्या अंगठ्याला स्टिकवरचा बारीक नेम मुळीच जमत नाही. पहिला सामना दहाच्या आधी ठेवू नये.

आपला नम्र,
अंबड औद्योगिक वसाहतीतील एक सीएनसी ऑपरेटर
सिडको, नाशिक