विज्या, तुझा नऊचा आकडा

प्रिय विज्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत मुलांची खुशाली एका ओळीत आणि एच-इंडेक्स, संशोधकाला मोजायचा तो आकडा, मात्र सात वेळा! बढतीच्या मुलाखतीत कुणीतरी तुझा ‘9’ मोठ्याने वाचला आणि फाइल मिटली, हे वाचून माझंही डोकं फिरलं. पण ‘आपलं काम कुणी वाचलंच नाही’ हे तुझं वाक्य काही गळी उतरेना. म्हणून काल रात्री तुझा तो क्षयाचे रुग्ण औषध मध्येच का सोडतात यावरचा पेपर काढला आणि त्याची 41 सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांत आलेले त्याचे संदर्भ, एकेक करून उघडली.

ऐक. चार तुझीच, तू तुलाच दिलेली. वीसेक ठिकाणी प्रस्तावनेतल्या पहिल्याच वाक्यामागे सात-आठ संदर्भांची रांग आणि त्या रांगेत तू उभा. त्यांनी तुझा सारांश तरी वाचला असेल का, शंकाच आहे. एकाने तर तू म्हटलंस त्याच्या बरोब्बर उलटं तुझ्या नावावर खपवलंय. पण दोन पेपर असे निघाले की मी खुर्चीत सरसावून बसलो. एकाने तुझी प्रश्नावली जशीच्या तशी वापरली आहे. दुसऱ्याने रुग्णांना फोन करायची वेळच बदलली, कारण बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो, हे तू दाखवलंस. मोजणाऱ्या यंत्राला मात्र हे दोघे आणि तो उलटं लिहिणारा, सगळे सारखेच. प्रत्येकी एक.

आणि तुझा 9 म्हणजे तरी काय? प्रत्येकी किमान 9 सायटेशन्स असलेले 9 पेपर, बस. तो पेपर 41 चा 400 झाला तरी हा आकडा जागचा हलणार नाही. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली हे माप काढलं. वय वाढतं तसं ते वाढतं, कमी कधीच होत नाही. (आपल्या वजनासारखं.)

लाउरी या जीवरसायनशास्त्रज्ञाचा 1951 चा प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा पेपर घे. 3 लाखांहून जास्त सायटेशन्स, आणि तो स्वतःही त्याला थोर काम म्हणत नव्हता. सोयीची रीत होती, प्रयोगशाळेत सगळ्यांना लागायची, इतकंच. वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने 1998 मध्ये 12 मुलांवरून लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवला. तो पेपर 2010 मध्ये मागे घेतला गेला. त्याला खोडून काढणाऱ्यांची सायटेशन्सही त्याच्याच खात्यात जमा होतात! उलट शंभुनाथ डे. 1959 साली कोलकात्यात त्यांनी कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला, आणि मारतं ते जंतूंनी सोडलेलं विष, हे दाखवलं. बराच काळ फारशी दखल नाही. 1985 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाच्या प्रभावावर सविस्तर लिहिलं कुणी, तर सायटेशन मोजण्याचा धंदा ज्याने उभा केला त्या युजीन गारफिल्डनेच.

मी काही सोवळा नाही. अशा समित्यांवर मीही बसलोय आणि चाळीस अर्ज समोर पडले की आधी आकड्यांकडेच नजर जाते. शिवाय आकडे नसतात तिथे ओळखीपाळखी चालतात, तेही आपण पाहिलंय. म्हणून आकडा टाकून दे म्हणत नाही. फक्त तो नीट तरी लाव. तुझे जुने पेपर ‘व्ही. जी.’ नावाने आहेत, नंतरचे नुसत्या ‘व्ही.’ नावाने, डेटाबेसच्या लेखी तुम्ही दोन माणसं आहात. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) क्रमांक काढ आणि सगळं एका खात्यात आण. मी कागदावर मांडून पाहिलं, 9 चे 11 होतात. माणूस तोच, काम तेच!

आणि तो तुझा सहकारी ‘तू संदर्भांत माझे पेपर दे, मी तुझे देतो’ म्हणतोय ना, त्याला हात जोड. पुढच्या अर्जात आकड्याखाली त्या दोन पेपरांबद्दल दोन-दोन ओळी लिही. दोन्हींच्या प्रती सोबत पाठवतोय, नेमक्या जागी पेन्सिलने खूण केली आहे.

राहिला तो उलटं लिहिणारा. त्या जर्नलच्या संपादकाला पत्र टाकू या. मसुदा मी करतो, सही तुझी. रविवारपर्यंत कळव.

तुझा,
मन्या