यंदा रोषणाई निम्मी, उरलेले पैसे वाडीला

सर्व रहिवासी, चाळ सोडून गेलेली मंडळी आणि वर्गणीदार,
सप्रेम नमस्कार.

परळच्या गिरण्या चालल्या त्या घाटातल्या पाण्याच्या विजेवर. खोपोलीचं वीजघर 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं. मुळशीची गावं बुडू नयेत म्हणून 1921 मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा त्या विजेवरच्या साच्यांवर उभे होते.

हे आठवायचं कारण, गेल्या वर्षी मंडळाची पोरं कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत गेली होती. वाडीच्या डोक्यावरून मुंबईकडे येणाऱ्या उच्चदाबाच्या तारा, खाली 31 घरांत अंधार. त्या तारांवरून थेट घरात वीज घेता येत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि खांबांची वेगळी लाइन लागते. खांब वनजमिनीतून न्यायचे, म्हणून परवानगीचा कागद फिरतोय. त्यात शाळा-पंचायत आणि दहा टक्के घरांत वीज पोचली की सरकारी व्याख्येत गाव उजळलं! मूळ गावात दिवे आहेत, वाडी हिशेबातच नाही.

लाइनीचा पाठपुरावा चालूच आहे. तोवर प्रत्येक घराला सौर संच द्यायचा ठरलंय: पॅनेल, लिथियम बॅटरी, तीन एलईडी दिवे, मोबाइल चार्जिंग. घरामागे खर्च 7,000 रुपये. आषाढ-श्रावणात ऊन नसतं, म्हणून पॅनेल थोडं मोठंच घेतोय. कुणीतरी पूर्वी दिलेले दिवे बॅटरी गेल्यावर तसेच खुंटीला लटकलेत, ते पाहून आलोय. म्हणून दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवू आणि वाडीतल्या दोघांना काम शिकवू.

निम्मी रोषणाई कापून 90,000 रुपये उभे राहतात. (कमानीवरचे नाचते मोर जाणार, बच्चेकंपनी रुसलीये.) बाकीचे तुमच्याकडून हवेत. पूर्ण संच जमत नसेल तर दोन घरांनी मिळून एक द्यावा. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. आयकरात सवलत मात्र नाही. जुने चार्जर, बंद पडलेले टॉर्च कृपया आणू नका.

तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत रोज रात्री 8 ते 10 कुणीतरी असतं. पाऊस उघडला की घटस्थापनेच्या सुमारास काम करायचंय, तेव्हा वायरमनचं काम येणाऱ्यांनी दोन दिवसांची सुट्टी आताच टाकून ठेवा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते